निकट छायाचित्रण
लहान वस्तूची मूळ आकाराएवढी वा त्याहून मोठी प्रतिमा घेण्याचे तंत्र. जुन्या कॅमेऱ्यांचा भाता लांबवून हे सहज साधे. ३५ मिमी. कॅमेऱ्यांत भाता राहिला नाही. त्यांसाठी किल्फिट यांचे माक्रो-किलार हे खास भिंग १९५५ मध्ये निघाले. हौशी छायाचित्रकारांनी मात्र स्वस्त उपाय योजले : नेहमीचे भिंग उलटे बसविणे किंवा त्यामागे पोकळ नळी घालणे. ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगामागे ५० मिमी. नळी घातल्यास मूळ आकाराची प्रतिमा मिळते. प्रकाश मात्र सु. चौपट लागतो. परभणी जिल्ह्यात, जेथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, हे तंत्र केवळ छंदापुरते नाही. कपाशीवरील तुडतुडा जेमतेम ३ मिमी. लांब असतो. फवारणीपूर्वी तो ओळखण्यास मोबाइलवर बसविलेले छोटे भिंगही पुरते. खरी अडचण वाऱ्याने हलणाऱ्या पानाची असते.