ओला कागद आणि महाराष्ट्राचे ऋतू

आपल्या चित्रपरंपरेत ऋतू फार पूर्वीपासून आहेत. निसर्गचित्र मात्र उशिरा आले. 'ऋतुसंहारा'ने सहा ऋतूंचे जे संकेत रूढ केले आणि पुढे राजस्थान व पहाडी संस्थानांच्या दरबारी बारमासा चित्रमालांनी जे आणखी घट्ट केले, त्यांत श्रावण म्हटले की काळे मेघ, बगळ्यांची रांग, मोर आणि सौधावर वाट पाहणारी नायिका हा सरंजाम ठरलेलाच असे. तो श्रावण कोणत्या गावचा, हा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता, कारण चित्राचा नायक ऋतू नसून ऋतूने व्याकूळ झालेले मन हा होता. अमुक तळ्याकाठी, अमुक प्रहरी, मांडीवर फळा घेऊन बसावे आणि समोरचा उजेड कागदावर उतरवून घ्यावा, ही वृत्ती महाराष्ट्रात आली ती पारदर्शक जलरंगांबरोबर, आणि हे माध्यम तर थंड व मंद उजेडाच्या देशात वाढलेले. येथे त्याची गाठ वैशाखाच्या वणव्याशी आणि आषाढाच्या धारेशी पडली. आमच्या जलरंगी निसर्गचित्राचा इतिहास सहसा संस्था, प्राचार्य आणि पारितोषिके यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. माझ्या मते त्याचे खरे शिक्षक हवा आणि पाणी हे होत, आणि इंग्रज प्राचार्यांचा क्रम त्यांच्यानंतरचा.

हे माध्यम प्रथम आले ते कलेच्या नव्हे, तर मोजणीच्या आणि लष्कराच्या खात्यातून. छायाचित्रण जन्माला यायचे होते त्या काळी किल्ल्याचा चढ, नदीचा उतार आणि खिंडीचे तोंड कागदावर टिपता येणे हे अधिकाऱ्याच्या विद्येचे अंग मानले जाई. वूलिच येथील लष्करी विद्यालयात पॉल सँडबीसारखा नामांकित जलरंगकार चित्रकला शिकवीत होता, आणि १८०९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनी सरकारच्या ॲडिसकोम येथील विद्यालयातही हा विषय अभ्यासक्रमात होता. पुण्याच्या दरबारी वकील म्हणून आलेल्या चार्ल्स मॅलेटला चित्रांचे मोठे वेड. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे रंगविली, आणि मुंबई बेटाची व आसपासच्या प्रदेशाची त्याने काढलेली बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. याच मंडळींच्या पदरी गंगाराम तांबट हा पुणेकर होता. वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राणी त्याने कागदावर उतरविले, आणि परकी पद्धतीचे पाणीदार रंग हाताळणाऱ्या पहिल्या मराठी हातांमध्ये त्याचा हात मोजावा लागेल. त्याच्या नावाचा उल्लेख आपल्या शालेय पुस्तकांत नसावा, ही मला खंत वाटते.

मात्र या साऱ्या कंपनीकालीन चित्रांत पाऊस शोधू जावे तर तो क्वचितच सापडतो, आणि याचे कारण उघड आहे. मोहिमा, मोजणी, प्रवास ही सारी कामे दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर निघत आणि मृगापूर्वी आटोपती घेतली जात. चार महिने वाटा बंद, नद्या दुथडी, आणि साहेब मुक्कामावर. त्यामुळे विलायतेत पोहोचलेला दख्खनचा मुलूख हा बहुतेक पिवळ्या गवताचा आणि कोरड्या नदीपात्रांचा मुलूख होता. वर्षाचा तिसरा हिस्सा, आणि तोही या भूमीला रूप देणारा, चित्राबाहेरच राहिला.

साहित्याचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी रंगांच्या वड्या तयार केल्या आणि १७८१ मध्ये तेथील कलासंस्थेने त्यांना त्याबद्दल गौरविले, तेव्हापासून रंग घोटीत बसण्याचे काम संपले आणि चित्रकार पेटी खिशात घालून बाहेर पडू लागला. १८३० च्या दशकात ग्लिसरीन घातलेले ओलसर रंग आले आणि वडी उगाळण्याचाही खटाटोप उरला नाही. कागद व्हॉटमनचा. आमच्याकडे कागद नव्हता असे मुळीच नाही. दौलताबादेजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर ही कागदासाठी नावाजलेली ठिकाणे, आणि दप्तरखान्यांतील रुमालच्या रुमाल या देशी कागदांनी भरलेले आहेत. परंतु तो कागद खळ लावून आणि दगडाने घोटून गुळगुळीत केलेला, बोरूच्या लेखणीला आणि अपारदर्शक रंगांच्या लघुचित्राला साजेसा. पाण्याने भरलेला कुंचला त्यावर फिरविला तर रंग धरून ठेवणारे खडबडीत अंग त्याला नव्हते. म्हणून या कलेला लागणारा कागद दीर्घकाळ बोटीनेच येत राहिला, आणि तो महाग होता, हेही विसरता कामा नये. चुकलेला कागद उलटून त्याच्या पाठीवर दुसरे चित्र काढणे ही विद्यार्थ्यांची सर्रास रीत होती.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. जॉन ग्रिफिथ्सच्या अमदानीत तिचा ओढा रेखांकनाकडे, अलंकरणाकडे आणि अजिंठ्याच्या नकलांकडे विशेष होता. पुढे सेसिल बर्न्स प्राचार्य झाला, तो स्वतः जलरंगात रमणारा, आणि त्याच्या काळात या माध्यमाला शाळेत मान मिळाला. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि वार्षिक प्रदर्शनांतून निसर्गचित्राला प्रेक्षक व गिऱ्हाईक मिळू लागले. रावबहादूर धुरंधरांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मवृत्तात या कालखंडाचे जे तपशीलवार दर्शन घडविले आहे त्याला आपल्या भाषेत तोड नाही. शाळांतून होणाऱ्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी तर रंगाची पेटी तालुक्याच्या गावापर्यंत नेली.

आता हवेचा प्रश्न. जलरंगाचे सारे मर्म वाळण्यात आहे. कागद भिजवून, कडांना डिंकाच्या पट्ट्या लावून फळ्यावर ताणून बसवावा लागतो. तो सुकला की ढोलकीच्या पुडीसारखा तंग होतो. मग फळा किंचित कलता धरून वरून आकाशाचा हात सुरू करावयाचा: भरलेला कुंचला आडवा फिरला की रंगाचे पाणी खालच्या काठाशी जमते, आणि ते जमलेले पाणी सुकण्यापूर्वीच पुढचा फटकारा त्याला जाऊन मिळाला पाहिजे. या काठाला इंग्लंडात जी सवड मिळते ती देशावरच्या वैशाखात मिळत नाही. कुंचला उजव्या कडेला पोहोचेपर्यंत डावी कड वाळते, आकाशात पट्टे पडतात, आणि जो मऊपणा साधावयाचा तो हातातून जातो. उलट मुंबईच्या आषाढात हवेतील दमटपणा शेकडा ऐंशीच्या वर. पहिला हात देऊन अर्धा तास झाला तरी कागद थंडच लागतो, आणि उतावळ्याने त्यावर दुसरा हात दिला तर खालचा रंग उचकटून चिखल होतो. ओलसर भागावर पाण्याचा एखादा जादा थेंब पडला की तो रंगाला मागे ढकलतो आणि दातेरी कडेचा डाग कायमचा उमटतो. पेटीतल्या रंगांवर बुरशी चढते, ताणलेला कागद पुन्हा सैल पडतो. कार्तिक ते माघ हे म्हणूनच चित्रकाराचे सुगीचे महिने ठरले: निरभ्र हवा, लांब सावल्या, आणि वाळण्याचा वेग हाताच्या वेगाशी जुळलेला.

दुसरा प्रश्न हिरव्याचा. तयार पेटीतला हिरवा सह्याद्रीच्या श्रावणापुढे एक तर भडक दिसतो किंवा मेल्यासारखा. भाताच्या खाचराचा हिरवा, करवंदीच्या जाळीचा हिरवा आणि शेवाळल्या कातळाचा हिरवा या तीन वस्तू एका वडीतून निघत नाहीत. जाणते चित्रकार निळ्यात पिवळा मिसळून, वर तांबूस मातीच्या रंगाचा स्पर्श देऊन तो भागवीत, आणि जेथे पावसाचा उजेड झळकावयाचा तेथे कागदाचा पांढरा कोराच राखीत. पारदर्शक जलरंगात प्रकाश लावता येत नाही, तो राखावा लागतो. हा संयम शिकविणारे दुसरे माध्यम मला ठाऊक नाही.

या साधनेत पहिले थोर नाव कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे. मुंबईच्या कलाशाळेत शिकून, लौकिक मिळवून ते गावी परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, परंतु त्यांचे खरे जीवन कोटितीर्थाकाठच्या एकांतात आणि रंकाळ्याच्या वाटेवर गेले. रंकाळ्यातला संध्यामठ ही दगडी वास्तू अशी की तळ्याची पातळी चढली म्हणजे ती अर्धीअधिक पाण्यात जाते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की पायऱ्यांसह उघडी पडते. एकाच ठिकाणी बसून वर्षभराचे पंचांग वाचावे अशी ही जागा, आणि आबालालांनी ती पुनःपुन्हा चितारली. भोवतीच्या पाण्याची उंची, त्याचा गढूळ वा निवळ रंग, मठाच्या खांबांखालचे प्रतिबिंब, पलीकडच्या झाडीचा धूसर थर, एवढ्यावरून ऋतू आणि प्रहर दोन्ही ओळखता येतात. मोर नाही, विरहिणी नाही. बारमासाची परंपरा येथे नव्या रूपाने अवतरली असे मी म्हणतो, ते याच कारणाने: महिन्याचे नाव वर लिहिण्याची गरज उरली नाही. १९३१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या अफाट निर्मितीतील फारच थोडा अंश आज आपल्या दृष्टीस पडतो, आणि ही हानी कोल्हापूरची नव्हे, साऱ्या महाराष्ट्राची आहे.

पुढच्या पिढीत हे शास्त्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी परिपूर्णतेस नेले. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील समईधारी स्त्रीच्या चित्रामुळे त्यांचे नाव घरोघरी झाले, आणि ते चित्र जलरंगात आहे हे कळल्यावर पाहणारा आजही थबकतो. पण हळदणकरांचे मोठेपण मला त्यांच्या साध्या निसर्गचित्रांत अधिक जाणवते, जेथे घाटाच्या पायरीवर पडलेले कोवळे ऊन एकाच हातात, फेरफार न करता, बसलेले असते. एम. के. परांडेकरांनी निसर्गदृश्यालाच वाहून घेतले. ल. ना. तासकरांनी अपारदर्शक जलरंग पत्करून देवळाभोवतालचे बाजार व माणसांची वर्दळ रंगविली. मूळचे गोव्याचे त्रिंदाद मुख्यतः तैलरंगात नावाजले, तरी जलरंगातही त्यांचा हात तितकाच समर्थ होता.

याच काळात कलकत्त्याची मंडळी जपानी चित्रकारांच्या सहवासातून सिद्ध केलेल्या 'वॉश' पद्धतीने संपूर्ण चित्र पाण्यात बुडवून, पुन्हा रंगवून, पुन्हा बुडवून एक धुकट स्वप्नसृष्टी निर्माण करीत होती, आणि मुंबईच्या जलरंगाला ती मंडळी विलायती म्हणून हिणवीत. हा आरोप मला पटत नाही. माध्यम परके होते, हे खरे; परंतु ज्याने रंकाळ्याचे पाणी वर्षभर निरखले त्याची दृष्टी परकी कशी म्हणावी?

१९३८ च्या सुमारास व्हिएन्नाहून आलेल्या वॉल्टर लँगहॅमरने मुंबईच्या तरुणांना मोकळ्या, धीट रंगाची दीक्षा दिली. नागपूरहून आलेल्या सय्यद हैदर रझांनी आरंभीच्या वर्षांत ओल्या मुंबईचे रस्ते जलरंगात टिपले ते याच वातावरणात. आणि मग प्रल्हाद अनंत धोंड. कलाशाळेचे अधिष्ठाते, 'रापण'चे लेखक, आणि कोकणच्या समुद्राचे निस्सीम भक्त. ज्या ओलीला आधीचे चित्रकार शत्रू मानून हिवाळ्याची वाट पाहत, तिलाच धोंडांनी सखी केले: कागद संपूर्ण भिजवावयाचा, आणि तो ओला आहे तोवरच आकाश, पाणी आणि वाळू एकमेकांत विरघळू द्यावयाची, एखादी होडी, एखादी माडांची रांग शेवटी, कागद ओढ घेऊ लागला की. येथे चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून हात उचलण्यापूर्वी सारे चित्र मनात पूर्ण असावे लागते. दीडशे वर्षे चित्राबाहेर राहिलेली ती दमट हवा अशा रीतीने चित्राच्या घडणीतच सामील झाली.

ज्यांच्या घरी या परंपरेतील जुनी चित्रे आहेत त्यांनी ती सांभाळावी म्हणून दोन शब्द. निळीसारखे रंग उन्हाने विरतात आणि आकाश मागे पिवळट उरते, तेव्हा खिडकीसमोरची भिंत टाळावी. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडविताना रंग काचेवर राहतो. चौकटीच्या पाठीचा पुठ्ठा आम्ल नसलेला घ्यावा, आणि ओल येणाऱ्या भिंतीवरून चित्र मृगापूर्वी उतरवून, मऊ कागदात गुंडाळून, कोरड्या कपाटात उभे ठेवावे. दिवाळीच्या सफाईत ते पुन्हा टांगता येते. पाठीवर चित्रकाराच्या हातचे ठिकाण, तिथी किंवा किंमत लिहिलेली असेल तर जुना पुठ्ठा फेकून देण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी.