अशी ही बनवाबनवी : प्रेक्षकांचा प्रतिसाद

अशी ही बनवाबनवी (१९८८) : वेषांतरावर बेतलेला मराठी विनोदी चित्रपट. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते किरण शांताराम, संवादलेखक वसंत सबनीस. पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणाऱ्या चार तरुणांपैकी दोघे बायका बनतात आणि ‘दोन जोडपी’ लीलाबाई काळभोरांच्या घरात बिऱ्हाड थाटतात, एवढेच कथानक. तेवढ्यावर तीन पिढ्या हसत आल्या आहेत. मराठीत हशाचे इतके दीर्घ आयुष्य दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला क्वचितच लाभले असेल.

ही गोष्ट मुळात मराठी नाही. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाचा तिला आधार आहे आणि त्याच्याही मागे एक बंगाली मूळ आहे. मेहमूद, विश्वजित, केश्तो मुखर्जी असे नट असूनही हिंदी चित्रपट फारसा चालला नाही. तोच पेच मराठीत आल्यावर मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. त्याचे मोठे श्रेय सबनीसांच्या लेखणीला द्यावे लागते. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांचे लोकनाट्य. वगात सोंग आणणारा राजाला फसवतो, पण समोर बसलेल्यांना कधीच फसवत नाही. उलट त्यांना डोळा घालून कटात सामील करून घेतो. ‘बनवाबनवी’चा प्रेक्षक नेमका असाच कटातला भागीदार आहे. सत्य त्याला पहिल्यापासून ठाऊक असते, आणि आता हे उघडकीला येणार की काय, या धाकधुकीतूनच त्याचे हसू फुटते.

म्हणूनच हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला तरी शिळा होत नाही. दूरचित्रवाणीवर तो लागला की घरातली माणसे पात्रांच्या आधी संवाद म्हणतात. धनंजय (अशोक सराफ) गडबडीत ‘हा माझा बायको पार्वती’ म्हणून जातो, तेव्हा एका ‘हा’मुळे सगळे बिंग फुटायची वेळ येते. तिथे हशा ओळीच्या अगोदरच सुरू झालेला असतो. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारा प्रश्न, वारलेले सत्तर रुपये, माधुरीची (अश्विनी भावे) लिंबू कलरची साडी हे सारे आता रोजच्या बोलण्यात मिसळले आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रविनोदांमधून ते अशा मुलांपर्यंतही पोहोचले, ज्यांनी अख्खा चित्रपट अजून पाहिलेला नाही.

प्रतिसादाचे सर्वांत लोभस रूप डोहाळजेवणात दिसते. पार्वतीचे, म्हणजे परशाचे, गर्भारपण शुद्ध थाप. त्या थापेसाठी रचलेले डोहाळगीत आज महाराष्ट्रभर खऱ्या गर्भवतींच्या कौतुकसोहळ्यांत वाजते. पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे साडी सावरत बसला होता, हे ठाऊक असूनही बायका ते मनापासून गातात.

हसण्याखाली एक खरी काळजी आहे आणि चित्रपटाच्या टिकाऊपणाचे मूळ बहुधा तिच्यातच असावे. त्या काळी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा लागू होता. एकदा शिरलेला भाडेकरू सहजी निघत नसे, त्यामुळे घरमालक नवा माणूस पारखून घेत आणि सड्याफटिंगांना दारातूनच परत पाठवत. पुढे नवा राज्य कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि अकरा महिन्यांच्या करारांची पद्धत रुळली, तरी ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही अट काही गेली नाही. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नोकरीसाठी येणाऱ्या एकट्या तरुणांना ती आजही ऐकावी लागते. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत खोली, डिपॉझिट आणि घरमालकाची मर्जी हे विषय कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. विश्वासराव सरपोतदार (सुधीर जोशी) भाडेकरूवर डाफरतात, तेव्हा अशा प्रेक्षकाला आपलाच कुणी जुना मालक आठवला तर नवल नाही.

बायकी वेषातल्या पुरुषाकडे मराठी प्रेक्षक अनेक नजरांनी पाहत आला आहे. बालगंधर्वांची लुगडी आणि दागिने नेसण्या-घालण्याची ढब त्या काळच्या स्त्रिया उचलत. तिथे कौतुक होते. तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील यांच्या वाट्याला पडद्याबाहेरही कुचेष्टा आली, आणि हे मराठी प्रेक्षकाच्या इतिहासातले दुखरे पान आहे. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाणांनी टाळ्या घेतल्या. ते नाटक ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आन्ट’ (१८९२) या इंग्रजी प्रहसनावरून आलेले. ‘बनवाबनवी’त दोन तऱ्हा शेजारी शेजारी उभ्या आहेत. सचिनची सुधा इतकी सफाईदार की पाहणारा क्षणभर विसरतो. बेर्डेंची पार्वती मात्र पुरुष असल्याचे पावलोपावली जाणवून देते. दोघांचीही कुचेष्टा झाली नाही. गरजेपोटी घेतलेले सोंग, ही सबब प्रेक्षकांनी त्यांना दिली होती. गणपत पाटलांना मात्र ती कधीच मिळाली नाही.

अलीकडचे काही प्रेक्षक निराळा प्रश्न विचारतात. माधुरी, सुषमा, मनीषा, कमळी या चौघींशी आणि लीलाबाईंसारख्या मायाळू वृद्धेशी इतके खोटे बोलणे गमतीचे कसे? आक्षेप रास्त आहे. चित्रपटात नायिकांच्या बाजूने विचार फार थोडा होतो. मात्र लीलाबाई झालेल्या नयनतारा यांनी भूमिकेत इतकी ऊब ओतली आहे की फसवणाऱ्यांपेक्षा फसणारीच अधिक जवळची वाटते, आणि शेवटाकडे हसणारा प्रेक्षक तिच्यासाठी हळवाही होतो.

पुढे हाच पेच इतर भाषांतही गेला : तेलुगूत ‘चित्रम भलारे विचित्रम’ (१९९१), हिंदीत ‘पेइंग गेस्ट्स’ (२००९), पंजाबीत ‘मिस्टर अँड मिसेस ४२०’ (२०१४). मराठी घरांत मात्र आजही १९८८ चाच चित्रपट लागतो.