काचेचा कोडेक

सध्या यूट्यूबवर कुठलीही शॉर्ट फिल्म उघडा, गाडीच्या दिव्यातून एक निळी आडवी रेघ पडद्यावर पसरणार म्हणजे पसरणारच. मागचे धूसर दिवेसुद्धा गोल नाहीत, अंड्यासारखे उभट. याला बोके म्हणतात (मांजरातला बोका नव्हे!). ही सगळी अ‍ॅनामॉर्फिक लेन्सची करामत. गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी मुळात लेन्सचे दोष, आणि आता लोक त्यांच्यासाठीच जास्तीचे पैसे मोजतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बगचं फीचर झालं :-)

तर मंडळी, थोडा इतिहास. आंरी क्रेतिएँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात 'हायपरगोनार' नावाची लेन्स बनवली. रुंद दृश्य फक्त आडवं दाबून ते नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर बसवायचं, आणि दाखवताना प्रोजेक्टरला तशीच लेन्स लावून ते परत दुप्पट रुंद करायचं. कॉम्प्रेस, डिकम्प्रेस. काचेचा कोडेकच म्हणा ना. पण तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलं नाही. पुढे अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला, थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा फॉक्स कंपनीने हे तंत्र घेतलं आणि १९५३ साली सिनेमास्कोपमधला 'द रोब' आणला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! फिल्म तीच, कॅमेरा तोच. थिएटरवाल्याने मुख्यतः एक लेन्स आणि मोठा पडदा घ्यायचा.

दोष होतेच. क्लोजअप घेतला की नटीचे गाल सुजायचे. हॉलिवूडवाले त्याला 'गालफुगी' म्हणायचे, खरंच! पॅनाव्हिजनने १९५० च्या दशकाच्या शेवटी ते गाल आटोक्यात आणले.

आपल्याकडे सिनेमास्कोपचा पहिला मान 'कागज़ के फूल'चा, १९५९. गुरुदत्तने सिनेमाची उमेदवारी केली पुण्यात, प्रभात कंपनीत. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. स्टुडिओत आरशांवरून ऊन आत घेऊन त्यांनी तो प्रकाशाचा झोत बनवला, तो आजही फिल्म स्कूलमध्ये दाखवतात. सिनेमा मात्र साफ पडला.

पण आमच्या मराठवाड्यात ही लेन्स कॅमेऱ्यावर कुणी पाहिली? आम्हाला ती माहीत होती प्रोजेक्टरवरची. 'स्कोप लेन्स', पितळी डब्यासारखी जड. मी लहान असताना माळेगावच्या यात्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये बसलो होतो. जाहिराती साध्या लेन्सवर, मग पिक्चर सुरू, आणि हिरो बांबूसारखा लांबडा! ऑपरेटर स्कोप लावायला विसरला होता. "अरे लेन्स लाव की रे!" असा तंबूभर एकच ओरडा. नांदेड जिल्ह्यातल्या त्या गर्दीत कुणालाही अ‍ॅनामॉर्फिक शब्द माहीत नव्हता, पण बिघाड कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. असलं डीबगिंग आमच्या टीममध्ये होत नाही, असो.

पुढे मी अकरावी-बारावीला लातूरला गेलो (लातूर पॅटर्न, म्हणजे सिनेमे कमीच). तोवर टॉकीजमधलं रीळ संपलं होतं. सिनेमा सॅटेलाइटवरून आणि हार्डडिस्कवर यायला लागला. फिल्मच नाही तर स्कोप लेन्स काय कामाची? फिरत्या टॉकीजचं हे संक्रमण पाहायचं असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी बघा. महाराष्ट्रातल्याच तंबूंवर आहे, २०१६ ला कान महोत्सवात दाखवली गेली.

आणि नेमकं त्याच काळात तिकडे उलटं चालू होतं. डिजिटल कॅमेऱ्याचं चित्र इतकं स्वच्छ यायला लागलं की कॅमेरामनना ते निर्जीव वाटू लागलं. २०१५ च्या 'द हेटफुल एट'साठी पॅनाव्हिजनने १९५९ च्या 'बेन-हर'च्या काळातल्या लेन्स कपाटातून काढून दुरुस्त केल्या. ब्रिटनच्या कूकने २०१३ मध्ये नवी अ‍ॅनामॉर्फिक मालिका जाहीर केली आणि नंतर तिचीच जास्त फ्लेअर देणारी आवृत्ती काढली. म्हणजे कोटिंग बदलून मुद्दाम दोष वाढवला! २०२० च्या सुमारास चिनी सिरुईने तर हौशी लोकांच्याही खिशाला परवडेल अशी आणली.

ज्यांना तेवढंही परवडत नाही ते जुन्या प्रोजेक्टरच्या लेन्स शोधतात. कोवा, इस्को, सँकोर. प्रकाशाला दिशेचं काही पडलेलं नसतं. जी काच प्रोजेक्टरवर चित्र पसरवायची, तीच साध्या लेन्सपुढे धरली की कॅमेऱ्यासाठी चित्र दाबते. बहुतेक जोड्यांत फोकस मात्र दोन ठिकाणी करावा लागतो, पुढच्या काचेचा वेगळा आणि मागच्या लेन्सचा वेगळा, त्यामुळे चालत्या माणसाचा शॉट घेताना घाम फुटतो.

नवीन लेन्सची ब्रोशरं वाचली तर त्यात हॉलिवूड आहे, बेन-हर आहे. तंबूतला ऑपरेटर कुठेच नाही. दर खेळाला अंधारात, हाताने, ही जड काच चढवणारा आणि उतरवणारा माणूस तोच होता, आणि त्याच्याकडे ना ब्रोशर ना क्रेडिट.

तेव्हा नांदेड-लातूरकडच्या वाचकांनो, घरात कुणी ऑपरेटर असेल तर या दिवाळीत त्याच्याशी गप्पा मारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. माळ्यावर पितळी डबा सापडला तर किलोवर भंगारात घालू नका. काचेला आतून बुरशी धरलीय का तेवढं बघा, आणि मला कळवा. मी शनिवार-रविवार मोकळा असतो.