क्षयाआडचा आजार : नागपूर आणि फुफ्फुसातील बुरशी

ॲस्परजिलस ही बुरशी कुजलेल्या कडब्यात, ओल्या धान्यात आणि शेणखताच्या ढिगात वाढते. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की श्वासासोबत ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. दमा असलेल्या काहींना मात्र त्यांची ॲलर्जी होते, आणि क्षयाने फुफ्फुसात पोकळी पाडलेली असेल तर तीत बुरशीला घर मिळते. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४२ मध्ये माणसाच्या फुफ्फुसातील अशा बुरशीचे वर्णन केले होते. तरीही पुढे शतकभर क्षयानेच डॉक्टरांचे सारे लक्ष व्यापले.

नागपुरातही या आजाराची वाट क्षयातूनच जाते. सक्करदऱ्याजवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, १९४७ मध्ये सुरू झाले. त्याचा क्षयरुग्णांचा विभाग इतका परिचित झाला की त्या भागाला लोक आजही ‘टीबी वॉर्ड’च म्हणतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि नंतरच्या औषधांनी क्षय बरा होऊ लागला, पण पोकळ्या मागे राहिल्या. ब्रिटनमध्ये अशा जुन्या पोकळ्या असलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी झाली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे ११ टक्के रुग्णांच्या क्ष-किरण चित्रात बुरशीचा गोळा दिसला. क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या विदर्भासाठी हा इशाराच होता. खोकला, वजन घटणे, बेडक्यातून रक्त ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. त्यामुळे बुरशीच्या रुग्णाला पुन्हा क्षयाची औषधे दिली जाणे ही भारतभरची जुनी आणि दुःखद चूक आहे.

उपचाराच्या इतिहासातले एक पान महाराष्ट्राचे आहे आणि ते फारसे कुणी वाचत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील स्क्विब संस्थेने व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जीवाणूपासून ॲम्फोटेरिसिन बी मिळवले. त्यानंतर काही वर्षांतच पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या जीवाणूपासून ते मिळाले, त्याला गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रीना’ नाव पडले. अमेरिकेत बुरशीजन्य आजारांच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. फुफ्फुसाच्या आजारात मात्र ॲम्फोटेरिसिनचीच सद्दी राहिली. ते परिणामकारक, पण मूत्रपिंडाला घातक. म्हणून पुढे त्याचे लिपोसोमल, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म कणांत बांधलेले रूप आले.

या औषधाचे नाव नागपूरच्या घराघरांत पोहोचले ते २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला. त्याची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तप्रवाह अडवते, आणि मेलेला भाग काळा पडतो. बहुतेकांच्या नाकावर, डोळ्यांवर, जबड्यावर आघात झाला. फुफ्फुसातला म्युकर तुलनेने कमी, पण जास्त जीवघेणा, कारण कोविडच्याच डागांमध्ये तो लपून राहतो. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. त्यावरची ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शने मिळेनाशी झाली. बाजारात सात हजार रुपयांपर्यंत जाणारी कुपी बाराशे रुपयांत देण्याच्या घोषणेसह वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने मे अखेरीस उत्पादन सुरू केले. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर हे औषध तयार होणे त्या दिवसांत फार मोठा आधार होता.

लाट ओसरली तसा म्युकर मागे पडला. क्षयानंतरची ॲस्परजिलसची बाधा मात्र तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रोगकारक बुरश्यांची पहिली प्राधान्ययादी काढली, तेव्हा ॲस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वांत गंभीर गटात ठेवले. निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि सीटी स्कॅन आहे, गोळ्यांमध्ये इट्राकोनाझोल आहे, रक्तस्राव थांबत नसेल तर शस्त्रक्रिया आहे. क्षयाचे उपचार पूर्ण होऊनही ज्याच्या खोकल्यातून रक्त येते आणि बेडक्यात क्षयाचे जंतू सापडत नाहीत, त्याला पुन्हा क्षयाची औषधे सुरू करण्याआधी बुरशीची तपासणी झालीच पाहिजे.