मागे ठेवलेले धन आणि त्याचे वारस



कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते. आपण ती कशी वाचतो? ओळखीचे नाव दिसते का ते पाहतो, रकमांवरून नजर फिरवतो आणि पान उलटतो. परंतु त्या यादीमागे एक फार जुना प्रश्न उभा आहे. माणूस जन्मभर कष्ट करून मिळवलेले धन, ज्यांचे तोंडही त्याने पाहिलेले नाही अशा मुलांसाठी का ठेवून जातो? मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधावे, हे साहजिक होय.

आपल्या परंपरेत या प्रथेचे मूळ हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीपाशी सापडते. त्यांना तेथे उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहंमद (स.) यांना विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला त्यांना मिळाला. त्याप्रमाणे ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही असे ठरले. उत्पन्न गोरगरीब, नातलग, वाटसरू आणि पाहुणे यांच्यासाठी लावून दिले. जो कारभार पाहील त्याने त्यातून आपल्यापुरते रास्त तेवढे घ्यावे, अशी मुभाही ठेवली. झाड राखावे आणि फळ वाटावे, हेच वक्फचे सार आहे.

येथे काही पालकांच्या मनात शंका येईल की सारे दान केले तर मुलाबाळांनी काय करावे? धर्माने याचाही विचार केलेला आहे. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना सारी मालमत्ता दान करण्यास निघाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले, आणि तेवढेही पुष्कळच आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरावा लागू नये, ही त्यामागची दृष्टी. आजही मुस्लिम कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक देता येत नाही. म्हणजे घर उपाशी ठेवून केलेले दान आपल्याकडे आदर्श मानलेले नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. बंगालमधील हुगळी या नदीकाठच्या गावी १७३२ साली हाजी मुहंमद मोहसीन यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी अरबस्तान, इराण वगैरे दूरदूरच्या देशांचा प्रवास केला. ते अविवाहित राहिले. त्यांची सावत्र बहीण मन्नुजान खानम हिच्याकडे जेसोर भागातील मोठी जमीनदारी होती. ती निपुत्रिक विधवा होती. १८०३ साली तिचे निधन झाले आणि सारी मालमत्ता सत्तरीच्या मोहसीन यांच्याकडे आली. ज्या वयात माणूस मिळालेले आवरून ठेवतो, त्या वयात त्यांनी ते सोडून देण्याचे ठरवले. १८०६ साली त्यांनी वक्फनामा केला. उत्पन्नाचे नऊ भाग पाडले. तीन भाग धार्मिक कार्ये आणि इमामबाड्याच्या दुरुस्तीसाठी, चार भाग नोकरचाकरांचे पगार, निवृत्तिवेतने व दानधर्मासाठी आणि दोन भाग दोन मुतवल्लींसाठी. पुढे सहा वर्षांनी, १८१२ साली, ते अल्लाहला प्यारे झाले.

वाचकहो, खरा इतिहास येथून पुढे सुरू होतो. मालक गेला आणि मुतवल्लींच्या कारभारात घोळ सुरू झाला. तक्रारी झाल्या, सरकारने हस्तक्षेप करून मालमत्ता आपल्या देखरेखीखाली घेतली आणि वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. या काळात मोठी रक्कम साठली. त्या रकमेतून १८३६ साली हुगळी कॉलेज उभे राहिले. तेथे सर्व धर्मांच्या मुलांना प्रवेश होता. बंगालीतील थोर कादंबरीकार बंकिमचंद्र चट्टोपाध्याय याच कॉलेजात शिकले. एका मुसलमान गृहस्थाच्या पैशाने सर्वांच्या मुलांना ज्ञान मिळाले, यात कमीपणा तो कसला? ती तर अभिमानाचीच बाब होय. खंत वेगळी होती. त्या कॉलेजात मुसलमान मुले मूठभरच होती. दार उघडे होते, पण आपल्यातले फारच थोडे त्या दारातून आत गेले.

ही गोष्ट नवाब अब्दुल लतीफ यांच्यासारख्या जाणत्या माणसांनी सरकारच्या कानावर वारंवार घातली. विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्यानेही १८७१ सालच्या आपल्या पुस्तकात तिच्यावर टीका केली. अखेर १८७३ साली सरकारने कॉलेजचा खर्च आपल्या तिजोरीतून करण्याचे मान्य केले आणि मोहसीन फंड मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोकळा झाला. ढाका, चितगाव, राजशाही येथे मदरसे निघाले. सरकारी शाळांत शिकणाऱ्या गरीब मुसलमान मुलांच्या फीचा मोठा भाग या फंडातून भरला जाऊ लागला. वक्फनामा झाला १८०६ साली आणि त्याचे फळ गरिबाच्या मुलाच्या हाती पडले ते सदुसष्ट वर्षांनी!

हुगळीच्या याच शिक्षणसंस्थेतून सय्यद अमीर अली नावाचा विद्यार्थी बाहेर पडला. पुढे ते कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १९०९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. योगायोग पाहा. वक्फच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कॉलेजात शिकलेल्या या माणसाने न्यायासनावरून वक्फच्या कायद्याची बाजू अत्यंत विद्वत्तेने मांडली. मोहसीन यांना मूलबाळ नव्हते. पण त्यांना वारस नव्हता, असे कोण म्हणेल?

या ठिकाणी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. दान करणारा प्रत्येक माणूस संतच असतो असे नाही. कोणाला नाव हवे असते, कोणाला समाजात मान हवा असतो. इस्टेटीचे तुकडे होऊ नयेत म्हणून आपल्याच कुटुंबासाठी वक्फ करणारेही पुष्कळ होते. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने असे वक्फ अमान्य ठरवले, तेव्हा देशभर असंतोष पसरला आणि १९१३ साली बॅरिस्टर जीना यांनी मांडलेल्या विधेयकाने ते पुन्हा कायदेशीर झाले. हेतू असे नाना प्रकारचे असतात. हेतूचा हिशेब अल्लाहपाशी आहे. आपल्यापाशी हिशेब आहे तो मिळालेल्या पैशाचा.

आपल्या मुंबईकडे वळू या. येथे १८७४ साली न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. पुढे जहाजांच्या धंद्यात नाव मिळवलेले सर मुहंमद युसुफ यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली आठ लाख रुपये सरकारच्या हवाली केले. त्या काळचे आठ लाख! जोगेश्वरीच्या टेकडीवर या देणगीतून कॉलेज सुरू झाले ते १९३० साली. त्याला नाव दिले गेले ते देणाऱ्याच्या वडिलांचे, इस्माईल युसुफ यांचे. मुलाने बापाच्या नावावर कबर बांधली नाही, कॉलेज बांधले. आजवर तेथून कितीतरी घरांतला पहिला पदवीधर बाहेर पडला.

तथापि आठ लाखांच्या गोष्टी ऐकून आपण हात आखडता घेऊ नये. आपल्या कोकणातल्या किती गावांत मशीद, मदरसा, शाळेची खोली ही बोटीवर काम करणाऱ्या खलाशांच्या आणि परमुलखात राबणाऱ्यांच्या पगारातून उभी राहिली आहे! ही माणसे गावापासून दूर होती, म्हणूनच गावात आपले काहीतरी असावे असे त्यांना वाटले. कुठे कुर्बानीच्या कातड्यांच्या पैशातून मुलांची पुस्तके आली. कुठे एखाद्या विधवेने आपल्या बांगड्या दिल्या. त्यांची नावे संगमरवरावर नाहीत.

मग माणसे आपल्या गावासाठी, आपल्या जमातीसाठी का ठेवून जातात? मला वाटते, त्यांचा दोन गोष्टींवर विश्वास असतो. पहिला अल्लाहवर, की मृत्यूनंतरही सदका-ए-जारियाचे पुण्य चालू राहील. दुसरा मागे राहणाऱ्या माणसांवर, की ते ठेव सांभाळतील. पहिल्या विश्वासाला धक्का लागत नाही. दुसरा मात्र आपल्या हाती आहे. हुगळीच्या मुतवल्लींनी तो मोडला आणि तो सावरण्यास दोन पिढ्या गेल्या. जेथे हिशेब चोख असतो तेथे दान आपोआप येते. जेथे हिशेब विचारणारा कोणी नसतो, तेथे दात्याचा हात खिशातच राहतो.

म्हणून पालकांनो, संस्थेच्या वार्षिक सभेस अवश्य हजर राहा. जमाखर्च वाचा, प्रश्न विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे, ती अमानतीची राखण आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, दात्याने ठेवलेल्या मिळकतीचे खरे वारस तुम्ही आहात. मात्र वारसाने वाटा घेतला की त्याच्यावर जबाबदारीही येते. दार उघडे असताना बाहेर उभे राहू नका. आत या, शिका, आणि कमावते झाल्यावर पहिल्या पगारातून थोडे का होईना, मागून येणाऱ्यासाठी ठेवा. देणगीदारांच्या यादीला शेवटचे नाव नसते. त्यात तुमच्या नावाची जागा अजून रिकामी आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची बुद्धी देवो. आमीन.