आधी हात, मग एक्स-रे

खांद्यावर पडलेला माणूस दवाखान्यात येतो. एक्स-रेत कॉलरबोन मधोमध मोडलेले दिसते, गळ्यात झोळी अडकवली जाते आणि दोन-तीन महिन्यांत हाड जुळून तो कामाला लागतो. बहुतेकांच्या बाबतीत एवढेच घडते आणि एवढेच पुरेसेही असते. त्यामुळेच या हाडाचा धाक कुणाला वाटत नाही. हे पुस्तक उरलेल्या थोड्या रुग्णांसाठी आहे. त्यांचे हाड जुळते, पण कोपर वाकत नाही, किंवा खांदा उचलत नाही, किंवा करंगळीतला बधिरपणा जाता जात नाही. ते संख्येने कमी असले तरी त्यांत दुचाकीवरून फेकले गेलेले तरुण जास्त असतात आणि त्यांच्या हातावर घर चाललेले असते. अशा रुग्णाला पहिल्यांदा पाहणारे तालुक्याचे डॉक्टर, रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, त्याला महिनोन् महिने व्यायाम देणारे फिजिओथेरपिस्ट, या सगळ्यांचे या विषयात मनापासून स्वागत.

आधी जागा समजून घ्यावी. मानेतून निघणारी पाच मुळे, पाचव्या ग्रीवा नसेपासून पहिल्या वक्ष नसेपर्यंतची, एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात, पुन्हा जुळतात. दादरच्या रुळांसारखा हा गुंता असतो. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची जवळजवळ सगळी हालचाल आणि संवेदना त्यातून जाते. हा गुंता कॉलरबोनच्या मागून, पहिल्या बरगडीवरून काखेत उतरतो आणि हाताची मोठी धमनी व शीर त्याला बिलगून असतात. हाड आणि नसा यांच्यामध्ये सबक्लेव्हियस नावाचा एक लहानसा स्नायू आहे. तुटलेल्या हाडाचे टोक सहसा नसांत घुसत नाही, याचे बरेचसे श्रेय या स्नायूला जाते.

रक्तवाहिन्यांचा शेजार किती जवळचा आहे, याचे प्रसिद्ध उदाहरण १८५० सालचे. ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील २९ जून रोजी लंडनमध्ये घोड्यावरून पडले, घोडा त्यांच्यावर कोसळला आणि २ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. मोडलेल्या कॉलरबोनमागची रक्तवाहिनी फाटल्याने ते दगावले, असे पुढे मानले गेले. मनगटाची नाडी लागते म्हणून धमनी शाबूत आहे असे धरू नये. खांद्याभोवतीच्या आडवाटांनी रक्त पुढे पोहोचते आणि नाडी लागत राहते. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून तुलना करावी. वाढणारी सूज आणि त्यासोबत वाढणारा लुळेपणा दिसला, तर रुग्णाला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात हलवायला हवे.

या पुस्तकाचा मुख्य आग्रह एकच आहे. कॉलरबोनसोबतची नसेची इजा ओळखायची ती लक्षणे कधी सुरू झाली यावरून, आणि उपचारही त्यावरच ठरतात. पडल्या क्षणी हात लुळा पडला असेल, तर बहुधा मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे जाऊन नसा ताणल्या गेल्या आहेत. मोडलेले हाड हा त्याच धक्क्याचा दुसरा परिणाम. अशा वेळी हाडाला प्लेट टाकून नस सुधारेल अशी आशा धरणे फसवे ठरते. हात आधी चालत होता आणि काही तासांत किंवा दिवसांत बिघडला, तर काहीतरी दाबते आहे: सरकलेला तुकडा, साकळलेले रक्त, फुगत जाणारी धमनी, किंवा पाठीवरून आवळलेला आठच्या आकड्याचा पट्टा. दाब काढणे हाच इथला उपचार आणि त्यात दिरंगाई चालत नाही. (साध्या झोळीपेक्षा या पट्ट्याने हाड अधिक चांगले जुळते असे दिसून आलेले नाही, काखेत मात्र तो काचतो. मी तो वापरू नये असेच सांगेन.) आणि लक्षणे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू झाली, तर जुळलेल्या किंवा न जुळलेल्या हाडाभोवतीचा वाढलेला कॅलस कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधली फट बुजवतो आहे का, ते पाहावे.

हे तीन प्रकार वेगळे करायचे, तर पहिल्या दिवशी हात कसा होता याची नोंद हवी. नेमकी तीच केसपेपरवर नसते. ‘डिस्टल न्यूरोव्हॅस्क्युलर स्टेटस नॉर्मल’ एवढी एक ओळ लिहिलेली असते आणि तिच्यावरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

तपासणीला पाच मिनिटे लागतात. अडचण वेळेची नसून वेदनेची आहे. ताणाने सर्वांत आधी वरची मुळे दुखावतात, म्हणजे खांदा उचलणारे आणि कोपर वाकवणारे स्नायू. पण मोडलेल्या हाडाच्या दुखण्याने रुग्ण तसाही खांदा हलवत नाही आणि झोळीत कोपर वाकलेलेच असते. लुळेपणा झोळीआड लपतो तो असा. म्हणून हात झोळीतून काढून उशीवर ठेवावा. आपला एक तळवा रुग्णाच्या कोपराबाहेर लावावा, दुसरा खांद्याच्या गोलाईवर ठेवावा आणि ‘हात हलवू नका, फक्त कोपराने माझा हात बाहेर ढकला’ असे सांगावे. हाड जागचे न हलता डेल्टॉइड कडक होतो की नाही, हे तळव्याला लगेच कळते. तसेच बायसेप्सचे. मग मनगट वर उचलायला, अंगठा-तर्जनीची गोल कडी करायला, बोटे फाकवायला सांगावे. खांद्याच्या बाहेरच्या बाजूची, अंगठ्याची, मधल्या बोटाची आणि करंगळीची संवेदना दुसऱ्या हाताशी ताडून पाहावी. प्रत्येक स्नायूची ताकद शून्य ते पाच या मापात लिहावी आणि खाली वेळ टाकावी. शेवटी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्याच बाजूची पापणी किंचित झुकलेली आणि बाहुली बारीक असेल, तर सर्वांत खालचे मूळ मज्जारज्जूपासूनच उपटले गेल्याची दाट शंका घ्यावी.

उपटलेले मूळ आणि पुढे तुटलेली नस यांतला फरक ओळखणे हा या शाखेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. संवेदनेच्या पेशी मज्जारज्जूच्या बाहेर एका गाठीत असतात. मूळ या गाठीच्या आत, मज्जारज्जूकडे उपटले गेले, तर त्वचेकडे जाणारा धागा आपल्या पेशीशी जोडलेलाच राहतो. मग रुग्णाला बोट पूर्ण बधिर लागते आणि तपासणीत मात्र त्याच बोटाच्या संवेदी नसेतून वीज सुरळीत वाहते. नवख्याला हा अहवाल दिलासा देणारा वाटतो. खरे तर तो सर्वांत वाईट बातमी सांगत असतो, कारण असे मूळ आपोआप जुळत नाही.

उपटणे सोडून उरलेल्या इजांसाठी हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मांडलेली विभागणी आजही उपयोगी आहे. न्यूराप्रॅक्सियात फक्त वहन थांबते आणि काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत परत येते. ॲक्सोनॉटमेसिसमध्ये आतले तंतू तुटतात, पण आवरण टिकते, म्हणून ते पुन्हा वाढू शकतात. न्यूरोटमेसिसमध्ये नसच तुटते आणि शस्त्रक्रियेवाचून मार्ग नसतो. सिडनी संडरलंड यांनी १९५१ मध्ये याच्या पाच पायऱ्या केल्या. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग झिजून जातो, हे ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेतील नसांवर दाखवले, तेही १८५० मध्येच. ही झीज पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून ईएमजी पहिल्या आठवड्यात करून पैसे घालवू नयेत. साधारण तीन-चार आठवड्यांनी केलेली तपासणीच खरे काय ते सांगते.

त्यानंतरचे सगळे काळाचे गणित आहे. वाढणारा तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर पुढे सरकतो. मानेपासून तळहातातील बारीक स्नायूंपर्यंतचे अंतर ६०-७० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन वर्षांची वाट. पण नसेविना राहिलेला स्नायू १२ ते १८ महिन्यांनंतर सहसा तिला प्रतिसाद देत नाही. म्हणून ‘वर्षभर वाट पाहू’ हा सल्ला कितीही मायेने दिला तरी रुग्णाचे नुकसान करतो. तीन महिन्यांत सुधारणेची खूण नसेल, तर रुग्ण नसांच्या सर्जनसमोर असायला हवा. शस्त्रक्रियेचा चांगला काळ साधारण पहिल्या सहा महिन्यांचा आहे, आणि मूळ उपटल्याचे दिसत असेल तर तीन महिनेही थांबू नये.

अंतराच्या या अडचणीवर निघालेला मार्ग म्हणजे नर्व्ह ट्रान्सफर. पॅरिसचे क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी १९९४ मध्ये दंडातल्या अल्नर नसेचा एक लहानसा जुडगा बायसेप्सच्या नसेला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अल्नर नस शाबूत असेल तर हाताची पकड सहसा टिकते आणि तंतूला चालायचे अंतर काही सेंटिमीटरांवर येते. स्नायू जागा झाल्यावर सुरुवातीला रुग्णाला कोपर वाकवण्यासाठी मूठ आवळावी लागते. बरगड्यांमधली नस वापरली असेल, तर खोल श्वास घ्यावा लागतो. पुढे मेंदू ही वाट शिकतो, पण ते शिकवण्यात फिजिओथेरपिस्टचे अनेक महिन्यांचे काम असते. या पुस्तकात त्यांना सर्जनांइतकीच पाने दिली आहेत. तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत, आणि बधिर बोटे तव्यापासून, चहाच्या पातेल्यापासून जपायची, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावे लागते.

उशिरा सुरू होणाऱ्या प्रकाराबद्दल थोडे अधिक. यात बहुतेकदा आतल्या बाजूचा भाग दाबला जातो, म्हणून करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येतात, पकड सैल होते, हात वर केला की त्रास वाढतो. रुग्ण मानेचा मणका सरकला या समजाने पट्टा लावून फिरतो, कोपराच्या नसेवर उपचार घेतो. जुन्या फ्रॅक्चरचा उल्लेख कुणी विचारल्याशिवाय करत नाही. खांद्याच्या एका एक्स-रेत कॅलसचा डोंगर दिसतो. तो काढून, हाड न जुळलेले असल्यास प्लेटने बसवून, फट मोकळी केली की यातले बरेच रुग्ण सुधारतात. मात्र दाब फार काळ राहिलेला असेल, तर सुधारणा अर्धवट राहते.

रुग्णाला पुढे पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत एक्स-रेच्या वर्णनाची गरज नाही, फिल्म सोबत असतेच. अपघाताची तारीख लिहावी, पहिल्या तपासणीत कोणता स्नायू किती ताकदीचा होता ते लिहावे, आणि त्यानंतर काही बदलले असेल तर ते कोणत्या दिवशी बदलले, हेही लिहावे.