किरणं दिलेलं बियाणं अन् अणुधूळ: फरक काय?

अकोला : 'किरणं दिलेलं बियाणं' म्हटलं की शेतकरी दचकतो. या बियाण्यानं जमीन, मधमाश्या खराब होतील का, अशी शंका येते. पण अणुअपघाताची धूळ आणि बियाण्याला दिलेली किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धूळ पडली तर : अणुभट्टी फुटल्यास सिझियम-१३७ सारखे कण वारा-पावसासोबत शेतात येतात आणि वरच्या मातीला चिकटतात. त्यांचा जोर निम्मा व्हायलाच ३० वर्षं लागतात. सिझियम पोटॅशसारखंच असल्यानं पिकं ते मुळांवाटे ओढून घेतात.

किडे : मोठा किडा माणसापेक्षा जास्त किरणं सोसतो, अंडी-अळ्या मात्र नाजूक. चेर्नोबिलला (१९८६) जास्त किरणोत्सर्गाच्या भागात फुलपाखरं, कोळी कमी झाल्याचं आणि पालापाचोळा हळू कुजत असल्याचं अभ्यासकांना दिसलं. जपानात फुकुशिमाच्या अपघातानंतर (२०११) लहान निळ्या फुलपाखरांचे पंख, डोळे बिघडलेले आढळले. हीच जात आपल्या धुऱ्यावरच्या आंबुटीवरही दिसते.

बियाणं : गॅमा किरणं बियाण्यातून आरपार जातात, मागे कण राहत नाहीत. फक्त गुण बदलतात. मग बरीच वर्षं निवड करून वाण ठरतो. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा टीएयू-१ हा उडीद (१९८५) असाच आला. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा.

म्हणून अशा बियाण्याच्या किरणांची भीती नको. थैलीवर प्रमाणित बियाण्याचा टॅग आहे का, ते बघा आणि पक्की पावती घ्या.